वकिलाची फी कुठून आणायची?

एडिसन, आयसेलिन, पिस्कॅटवे या न्यू जर्सीच्या पट्ट्यात मराठी माणसं पुष्कळ. गणपती होतो, दिवाळी अंक फिरतात, नाटकांच्या प्रयोगांना हॉल भरतात. कर्जाचा विषय मात्र दार लावून निघतो, आणि बहुतेक वेळा फार उशिरा. कार्डांचा बोजा हाताबाहेर गेला की अमेरिकेत ‘बँकरप्सी फाइल’ करता येते, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यासाठी वकील लागतोच का, आणि लागत असेल तर ज्याच्याकडे काही उरलेलंच नाही त्याने फी कुठून आणायची, याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त. म्हणून हा संवाद. त्यातली माणसं कल्पित आहेत. कायदा आणि कायद्यातले आकडे खरे.

काका निवृत्त आहेत आणि ओळखीच्या लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देतात. पुतणी बँकरप्सी वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. काकांचा एक मित्र अडचणीत आला आहे. त्याचा टिफिनचा धंदा बसला, बायकोचं मोठं आजारपण झालं आणि कार्डांवर ६२,००० डॉलर चढले. त्याच्या कागदांची पिशवी काकांच्या टेबलावर आहे.

काका : मी सरळच सांगतो, वकील नको. कोर्टाच्या वेबसाइटवर सगळे फॉर्म फुकट मिळतात. चॅप्टर सेव्हन, म्हणजे हप्ते न बांधता कर्ज पुसून घ्यायची बँकरप्सी, तिची कोर्ट फी ३३८ डॉलर, तीसुद्धा चार हप्त्यांत भरता येते. उत्पन्न गरिबीरेषेच्या दीडपटीच्या खाली असेल तर न्यायाधीश ती माफही करू शकतो. याचे रिटर्न मीच भरतो, त्याची पै न् पै मला ठाऊक आहे. एक शनिवार-रविवार बसलो तर काम होईल. वकील दीड-दोन हजार मागणार. तेवढे असते तर हा माणूस माझ्याकडे पिशवी घेऊन आला असता का?

पुतणी : काका, तुम्ही भरलेले आकडे बरोबरच असतील. पण कुठला फॉर्म कधी दाखल करायचा, आणि मुळात करायचा का, हे कोण ठरवणार? पैसे घेऊन दुसऱ्याचे फॉर्म भरणाऱ्याला इथे ‘पिटिशन प्रिपेअरर’ म्हणतात. त्याला फक्त टाइप करायची परवानगी आहे, सल्ला द्यायची नाही. तुम्ही पैसे घेणार नाही हे मला माहीत आहे. पण ‘ही जमीन या रकान्यात लिही, ती सूट घे’ असं सांगितलंत की ती वकिलीच होते, आणि तुमच्याकडे परवाना नाही.

काका : म्हणजे मित्राला मदत करणं गुन्हा?

पुतणी : मदत करा, मी सांगते कशी. आधी मला सांगा, त्याचं रिटायरमेंटचं खातं केवढं आहे?

काका : होतं. गेली दोन वर्षं त्यातूनच काढून कार्डं भरत होता. रिटर्नमध्ये मीच दाखवलंय. काढलेल्या रकमेवर टॅक्स, वर दहा टक्के दंड, कारण वय साडेएकोणसाठच्या आत.

पुतणी : तेच. फोर-ओ-वन-के या रिटायरमेंट खात्यातल्या पैशाला बँकरप्सीत कुणी हात लावू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९२ साली अशा खात्यांबाबत ते स्पष्टच केलं. हा माणूस वाचलेला पैसा काढून, त्यावर दंड भरून, जे कर्ज पुसलं जाऊ शकत होतं ते फेडत बसला. दोन वर्षांपूर्वी कुणा वकिलासमोर अर्धा तास बसला असता तर म्हातारपणाची शिदोरी शाबूत राहिली असती. पहिली भेट तर कित्येक वकील फुकट देतात.

काकांना हे लागतं. रिटर्नमधला तो आकडा त्यांनीच टाइप केलेला असतो. आमच्या लोकांत ही चूक फार होते. घेतलेलं फेडायचंच, या संस्कारापोटी माणूस शेवटचं साधनही विकतो आणि मगच दार ठोठावतो. त्या संस्काराला मी नावं ठेवणार नाही. पण आधी फुकटात मिळणारा सल्ला आणि शेवटी मोडलेलं निवृत्तीचं खातं, यांतला फरक कुणी अशा माणसांच्या कानावर घालत नाही, याची मला चीड येते.

काका : बरं, ते झालं ते झालं. आता काय उरलंय? एक जुनी गाडी, बँकेत थोडे पैसे. घर भाड्याचं. यात वकिलाने करण्यासारखं काय आहे?

पुतणी : गावाकडे?

काका : कोरेगाव तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं लागली. पण ती साताऱ्यातली जमीन. न्यू जर्सीच्या कोर्टाचा तिच्याशी संबंध काय?

पुतणी : इथेच माणसं बुडतात. कायदा म्हणतो, मालमत्ता कुठेही असो, कुणाच्याही ताब्यात असो, ती दाखवायची. कोरेगावची जमीन, साताऱ्याच्या बँकेतली ठेव, आईबरोबरचं जोडखातं, पुण्यातल्या फ्लॅटमधला हिस्सा, सगळं. अर्जावर सही करताना शपथ असते. लपवलं आणि निघालं, तर कर्जमाफी नाकारता येते, आणि जाणूनबुजून लपवलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यात सातबारा आता ऑनलाइन दिसतो.

काका : मग जमीन गेली म्हणायची.

पुतणी : नाही ना! न्यू जर्सीच्या रहिवाशाला केंद्राच्या कायद्यातल्या सवलती निवडता येतात. गाडीसाठी ५,०२५ डॉलरची सूट आहे. शिवाय एक मोकळी सूट, कुठल्याही वस्तूला लावता येणारी. ती १,६७५ डॉलरची. घरासाठीची सूट वापरली नसेल तर तिच्यातले आणखी १५,८०० पर्यंत जोडता येतात. मिळून १७,४७५. हे एप्रिल २०२५ पासूनचे आकडे. रुपयांत पंधरा लाखांच्या आसपास. त्याच्या एका तृतीयांश हिश्शाची किंमत त्यात बसत असेल, तर जमीन दाखवूनही वाचते. न दाखवता मात्र ती आणि कर्जमाफी दोन्ही धोक्यात. किंमत कशी ठरवायची, रेडीरेकनरने की बाजारभावाने, सामाईक हिश्शाला गिऱ्हाईक मिळत नाही हे कसं मांडायचं, हे वकिलाचं काम.

काका : आणि दागिने? बायकोचं मंगळसूत्र, पाटल्या, लग्नातलं सोनं?

पुतणी : दागिन्यांसाठी वेगळी सूट आहे, पण ती दोन हजारांच्या आसपासच. आजच्या सोन्याच्या भावात पाटल्यांची एक जोडीही बसायची नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की दोघांनी अर्ज करायचा की एकट्याने? कार्डं त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. त्याने एकट्याने केला तर तिचं सोनं तिचं राहतं. पण हॉस्पिटलचं बिल तिच्या आजारपणाचं आहे, आणि ते मागायला हॉस्पिटल तिच्याकडेच येणार. ते बिल केवढं आणि सोनं केवढं, हे समोरासमोर मांडल्याशिवाय उत्तर नाही. तुमच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाचा रकानाच नाही, काका.

(इथे काका पिशवीतून एक वही काढतात. मित्राने त्यात हिशेब लिहिलेला आहे.)

काका : यात एक नोंद आहे. आठ महिन्यांपूर्वी मेहुण्याला पाच हजार परत केले. धंद्याच्या सुरुवातीला उसने घेतले होते. चांगलंच केलं की.

पुतणी : माणूस म्हणून चांगलंच केलं. कायद्याला ते वेगळं दिसतं. अर्जाआधीच्या एका वर्षात नातेवाइकाचं कर्ज फेडलं तर ट्रस्टी, म्हणजे केसमधली मालमत्ता सांभाळायला नेमलेला माणूस, म्हणतो, बाकीच्या घेणेकऱ्यांना सोडून यालाच का? आणि ते पैसे तो मेहुण्याकडून परत मागू शकतो. कर्ज प्रामुख्याने घरगुती खर्चाचं असेल तर सहाशे डॉलरच्या वरच्या रकमेला हे लागू होतं.

काका : म्हणजे मेहुण्याच्या दारात कोर्टाची नोटीस?

पुतणी : येऊ शकते. पण ऐका. कर्जाचा अर्ध्याहून जास्त भाग धंद्यासाठी झालेला असेल, तर ती मर्यादा साडेआठ हजारांच्या आसपास जाते. मग मेहुण्याचे पाच हजार सुटले. आणि कर्ज प्रामुख्याने धंद्याचं असेल तर मीन्स टेस्टच द्यावी लागत नाही, म्हणजे आधीच्या सहा महिन्यांचं उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघायची ती चाळणी. एका प्रश्नाच्या उत्तरावर दोन दरवाजे उघडतात. तो प्रश्न असा, की ६२,००० मधले टिफिनचे किती आणि घरचे किती?

काका : ते मी सांगू शकतो! रिटर्नमधलं धंद्याचं शेड्यूल सी मीच भरतो. डबे, गॅस, कमर्शियल किचनचं भाडं, सगळ्याच्या पावत्या आहेत माझ्याकडे.

पुतणी : झालं तर. हे काम तुमचं. प्रत्येक कार्डाचं स्टेटमेंट घेऊन धंदा आणि घर असे दोन रकाने करा. त्यातून कायद्याने काय निष्पन्न होतं हे वकील सांगेल. कागद लावलेले असतील तर वकिलाचे तास वाचतात आणि फी कमी सांगायला त्याला कारण मिळतं.

काका : फीवर आलीसच तर बोलू. मला राग कशाचा आहे सांगू? जो बुडालाय त्याच्याकडून पैसे आधी. डॉक्टरसुद्धा जखमेला टाका घालून मग बिल देतो.

पुतणी : राग बरोबर आहे. पण नियमच तसा आहे. वकिलाची फी अर्जाआधी थकली तर ती इतर कर्जांबरोबर पुसली जाते. आणि २००४ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की चॅप्टर सेव्हनमध्ये कर्जदाराच्या वकिलाला, ट्रस्टीने नेमलेला नसेल तर, जप्त मालमत्तेतून पैसे मिळणार नाहीत. म्हणून वकील आगाऊ मागतो. त्यात २००५ साली काँग्रेसने कायदा कडक केला, वकिलावर कागद तपासायची जबाबदारी टाकली. फेडरल सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर पाहिलं, तर चॅप्टर सेव्हनची सरासरी फी दोन वर्षांत ७१२ डॉलरवरून १,०७८ वर गेली होती.

काका : दुरुपयोग थांबवायला कायदा केला आणि बोजा पडला तो गरिबावर. आमच्याकडे एकदा उलटं झालं होतं, तुला माहीत आहे? १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करायला बंदी घातली, आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील उभा करायलाही सर्वसाधारणपणे मनाई केली. छोट्या कर्जदाराच्या कामात वकील नकोच, हे दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांना कळलं होतं.

पुतणी : त्याच कायद्यात पुढे काय आहे? सावकाराकडून वकील उभा राहिला आणि शेतकऱ्याला वकील परवडत नसला, तर न्यायाधीश सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस शेतकऱ्याच्या बाजूने देऊ शकत होता. दोन्ही बाजू वकिलाविना असतील तर ठीक. एका बाजूला असला तर दुसऱ्यालाही हवा. इथे कार्ड कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे.

या ठिकाणी मला काकांपेक्षा पुतणीचं पटतं. पण काका जे विचारतात त्याला तिच्याकडे पूर्ण उत्तर नाही. अमेरिकेच्या दिवाणी कोर्टात गरिबाला सरकार सहसा वकील देत नाही, बँकरप्सीतही नाही. कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था आहेत, न्यू जर्सीत लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आहे, पण उत्पन्नाची अट कडक आणि रांग मोठी. अगदी साध्या केससाठी अपसॉल्व्ह नावाची ना-नफा संस्था फुकट फॉर्म तयार करून देते, आणि ज्याची केस खरोखर साधी आहे त्याने ती वापरावी. कोरेगावची जमीन, मेहुण्याचे पाच हजार, बंद पडलेला धंदा, अशी केस त्यात बसत नाही. जे दिसतं साधं आणि असतं गुंतागुंतीचं, अशा कुटुंबांसाठी काहीच सोय नाही, आणि भारतातून आलेली बहुतेक कुटुंबं याच वर्गात मोडतात.

काका : मग दीड-दोन हजार आणायचे कुठून? चेष्टा करू नकोस.

पुतणी : त्याचे कार्डांचे किमान हप्ते महिन्याला किती जातात?

काका : चौदाशे. कसेबसे.

पुतणी : तिथून. वकिलाने कागद पाहिले, ‘तुझी केस चॅप्टर सेव्हनची आहे’ म्हणाला, की ते हप्ते थांबवायचे आणि दोन महिन्यांत फी उभी राहते. फोन येतील, पत्रं येतील, एखादी कंपनी दावाही करेल. अर्ज दाखल झाल्या क्षणापासून वसुली थांबते, फोनसुद्धा.

काका : मला नाही पटत. द्यायचे पैसे थांबवून ते वकिलाला देणं... मी त्याला असं सांगू शकणार नाही.

पुतणी : तुम्ही सांगूच नका. ते वकिलाने सांगायचं. पण त्या चौदाशेतले बहुतेक व्याजातच जातात, मुद्दल तिथेच आहे. आणखी तीन वर्षं भरले तरी घेणेकऱ्याला मुद्दल मिळणार नाही आणि त्याच्या घरातलं रेशन मात्र संपेल. एक गोष्ट तेवढी करायची नाही. वकिलाची फी कार्डावर टाकायची नाही. फी भरायला नवं कर्ज काढ, असं जो सुचवतो त्याच्या ऑफिसातून उठून यायचं. कायद्यानेच तसं सुचवायला बंदी आहे.

काका : आणि ते रेडिओवर ओरडतात ते? ‘कर्ज निम्म्यात मिटवतो’?

पुतणी : ते तुम्हालाच जास्त माहीत.

काका : हो. एकाचं रिटर्न भरलं होतं. तडजोडीत वीस हजार सोडले आणि वर्षाअखेरीस टेन-नाइन्टी-नाइन-सी आला. सोडलेलं कर्ज हे उत्पन्न धरलं, त्यावर टॅक्स! बँकरप्सीत माफ झालेलं उत्पन्नात धरत नाहीत, फॉर्म नाइन-एटी-टू जोडला की झालं. तेवढं मी कुणालाही सांगेन.

पुतणी : सांगा. आता माझ्या बाजूचं वाईट मी सांगते. ‘आज शून्य डॉलर द्या’ अशी जाहिरात दिसली तर ती बऱ्याचदा चॅप्टर थर्टीनची असते. त्यात तीन ते पाच वर्षं दर महिन्याला ट्रस्टीकडे पैसे भरायचे, आणि वकिलाची फी त्याच हप्त्यांतून जाते. ती चॅप्टर सेव्हनच्या दुपटीहून जास्त असते. घर लिलावातून वाचवायचं असेल, मागचे हप्ते चढले असतील, तर थर्टीन उपयोगाचं. पण केवळ आगाऊ पैसे नाहीत म्हणून माणसाला त्यात घालतात, आणि मध्येच हप्ता चुकला की केस रद्द, कर्ज पुन्हा जसंच्या तसं. मेम्फिसमध्ये काळ्या कर्जदारांचं हे कसं होतं, यावर २०१७ साली प्रोपब्लिकाने मोठी शोधमालिका केली होती.

काका : म्हणजे स्वस्त दिसणारा वकील महाग पडू शकतो. मग ओळखायचं कसं? ‘परवडणारा’ तर सगळेच म्हणतात.

पुतणी : कोर्टातच बघा. प्रत्येक केसमध्ये वकिलाला किती फी घेतली हे लिहून द्यावं लागतं, आणि ती नोंद सार्वजनिक असते. पेसर नावाच्या प्रणालीत पानाला दहा सेंट, तिमाहीत तीस डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ. न्यू जर्सीच्या बँकरप्सी कोर्टातल्या अलीकडच्या वीसेक केस चाळा, कोण किती घेतो ते कळेल. मग भेटायला गेल्यावर विचारायचं. ट्रस्टीसमोरच्या बैठकीला तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार? नंतर कागदात दुरुस्ती लागली तर त्याचे वेगळे पैसे? भारतातली जमीन असलेली केस कधी केली आहे का? तिसऱ्या प्रश्नाला जो थबकतो त्याच्याकडे दोनशे डॉलर वाचवायला जायचं नाही.

काका : त्याला वेगळीच भीती आहे. ग्रीन कार्डावर आहे. म्हणतो, सिटिझनशिप अडकेल.

पुतणी : बँकरप्सी केली म्हणून अडकत नाही. खोटं बोललं तर अडकू शकते. क्रेडिट रिपोर्टवर चॅप्टर सेव्हन दहा वर्षं दिसेल, हे मात्र खरं. आणि अर्जाच्या आधी मान्यताप्राप्त संस्थेचा क्रेडिट काउन्सेलिंगचा कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो. तोही वकिलाला भेटल्यावरच.

काका : ठीक. मी फॉर्मला हात लावत नाही. स्टेटमेंटांची विभागणी करतो, सातबारा आणि फेरफार काढून घेतो, साताऱ्यात कुणाकडून तरी जमिनीचा अंदाज मागवतो. आणि त्याच्याबरोबर वकिलाकडे मी जाणार. बोलू देतील ना?

पुतणी : तिसरं कुणी बरोबर असेल तर वकील-अशिलातली गुप्तता धोक्यात येऊ शकते. आधी विचारा. बाहेर बसा म्हणाले तर बसा.

काका : आणि आत तो म्हणाला, ‘पैसे नाहीत ना, मग थर्टीन करू’?

पुतणी : मग मित्राने एवढंच म्हणायचं, ‘सेव्हन का नाही, ते मला कागदावर लिहून द्या.’ घर नाही, घराचे चढलेले हप्ते नाहीत, जमीन सवलतीत बसली तर तीही अडचण नाही. लिहून द्यायला कारण सापडलं नाही, तर कागद उचलायचे आणि यादीतल्या पुढच्या नावाला फोन करायचा.

काका : आणि मेहुण्याला?

पुतणी : मेहुण्याला आत्ता काही सांगू नका. त्या दोन रकान्यांची बेरीज आधी होऊ द्या.